कॅनॉलची वाट, काळी माती आणि भिगवण

निकाल आधीच सांगतो. पुण्याहून दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, बारामती करत भिगवणला सायकलने जरूर जा. मात्र बारामतीच्या पुढे नीरा डाव्या कालव्याच्या कडेने सणसरकडे जाणारी कच्ची वाट, पाऊस होऊन गेला असेल तर, डोक्यातून काढून टाका. "सपाट आहे, सावली आहे, गाड्या नाहीत" असं ज्यांनी ज्यांनी मला छातीठोक सांगितलं, ते सगळे तिथून मोटरसायकलवर, तेही मे महिन्यात गेलेले निघाले.

बारामतीपर्यंत लिहिण्यासारखं फार नाही. दिवेघाट उजाडता उजाडता संपवा, नाहीतर ट्रकच्या मागे धूर खात चढावं लागतं. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावर चिंकारा दिसले. छान वाटलं.

कालव्याची वाट सुरुवातीला मुरमाची आहे आणि तिथेच माणूस फसतो. मुरूम संपला की काळी माती. आदल्या रात्री अवकाळी कोसळला होता. वरून वाळल्यासारखी दिसत होती, पापुद्रा धरलेला. चाक गेलं की पापुद्रा फुटून खालचा लगदा टायरला. त्यावर उसाचं पाचट, त्यावर परत लगदा. मडगार्डखालची फट भरली आणि चाक जागेवर थांबलं. ढकलावी तरी फिरेना, उचलावी तर मातीसकट उचलायची. बाभळीच्या काटकीने फट मोकळी करायची, वीस पावलं जायचं, परत काटकी. शेवटी मडगार्ड सोडवून कॅरिअरला बांधले, तेव्हा कुठे सायकल ढकलण्याइतकी हलली.

पलीकडून एक आजोबा बराच वेळ बघत होते. "पाव्हणं, अजून वाफसा न्हाई. दोन दिस थांबायचं की!" म्हणाले, म्हणजे माती अजून औत घालण्याइतकी सुकली नव्हती, आणि खुरपं पुढे केलं. खुरप्याने जे काम झालं ते माझ्या महागड्या मल्टिटूलने होत नव्हतं.

तर नियम असा: आजूबाजूच्या रानात ट्रॅक्टर किंवा औत चालताना दिसलं तर कालव्याने जा. नाही दिसलं तर मुकाट्याने बारामती-इंदापूर पालखी मार्ग धरा. तो रुंद आणि रटाळ आहे, पण चाक फिरतं. गळिताच्या हंगामात त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात: मागे दोन-दोन ट्रॉल्या, दिव्याचा पत्ता नाही आणि गाणी एवढी मोठ्याने की तुमची घंटा ड्रायव्हरला ऐकू जाणं अशक्य. अंधार पडायच्या आत तिथून बाहेर पडा.

टायर ३५ मिमीपेक्षा बारीक नकोत. बांधाला कुंपण म्हणून टाकलेल्या वेड्या बाभळीच्या फांद्या वाटेवर येतात, सराटेही आहेत. पंक्चर काढताना टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा असेल तिथे ते अडकतं. बोट फिरवलंत तर काटा बोटात. जादा ट्यूब एक पुरणार नाही, दोन घ्या.

भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला होडी करणार असाल तर भाव माणशी की अख्ख्या होडीचा, हे चढण्याआधी चार जणांसमोर ठरवा. मला चढताना माणशी सांगितला आणि उतरताना होडीचा लावला. उजनी धरणाचं पाणी ओसरून गाळ उघडा पडला असेल तरच पैसे घाला. चिखल आपल्याला नको असला तरी रोहितांना तोच लागतो. धरण तुडुंब असेल तर होडी सोडा आणि ताजी चिलापी तळून घ्या, ती एक नंबर.

सायकल वॉशिंग सेंटरवर धुवाल तर प्रेशरचा फवारा हबवर आणि पेडलच्या बेअरिंगवर मारू देऊ नका. ग्रीस निघून माती आत जाते आणि माझ्या सायकलसारखी तुमचीही घरी पोहोचेपर्यंत करकरत राहील.