पाच मिनिटांचं काम, दोन रविवार

माझ्याकडे एक जुनं कॉम्प्युटर मशीन आहे, ४८६ एसएक्स-२५ प्रोसेसरचं (२५ म्हणजे त्याचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये), विंडोज ३.१ वालं, बरीच वर्षं नुसतं पडून होतं. मध्येच डोक्यात आलं की यात डीएक्स४-१०० हा जास्त वेगवान प्रोसेसर बसवू आणि विंडोज ९५ टाकू. प्रोसेसर बदलायचा म्हणजे काय, सॉकेटची दांडी वर, जुना बाहेर, नवा आत, दांडी खाली. पाच मिनिटं. दोन रविवार गेले.

पहिलं लफडं व्होल्टेजचं. एसएक्स ५ व्होल्टवर चालतो आणि डीएक्स४ ला लागतात ३.३, त्यामुळे चिप तशीच खुपसून बटण दाबलं असतं तर कामातूनच गेली असती. बोर्डवर व्होल्टेज बदलायचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) होता म्हणून वाचलो, नाहीतर मध्ये व्होल्टेज उतरवणारं रेग्युलेटरवालं अ‍ॅडॅप्टर शोधत बसावं लागलं असतं. मॅन्युअल कुठलं असायला, जंपरशेजारी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं टॉर्च आणि भिंग घेऊन वाचत होतो आणि तेवढ्यात शेजारी हिरवट-पांढरी भुकटी दिसली. बॅटरी गळलेली! त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर पिंपासारखी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते, ती गळली की तांब्याच्या रेषा खात सुटते. मग प्रोसेसर राहिला बाजूला, आधी ती कापून काढली, कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर फिरवलं, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल. रेषा काळवंडल्या होत्या पण तुटल्या नव्हत्या. तुमच्या कपाटात असं मशीन असेल तर अपग्रेड वगैरे राहू द्या, आधी ती बॅटरी बघा.

मग चिप बसवली, कापलेला कोपरा पिन १ कडे, बस, म्हणजे बोर्डचा वेग, २५ ची ३३ केली (ही चिप त्याच्या तिप्पट धावते), बटण दाबलं आणि स्क्रीन काळा ठिक्कर. घाम फुटला ना राव. शेवटी निघालं काय, तर सफाईच्या वेळी काढलेली रॅमची पट्टी परत लावताना एका बाजूने अर्धवट बसलेली.

विंडोज ९५ फ्लॉप्यांवरून टाकायची हौस होती. १३ फ्लॉप्या. अकरावीने दगा दिला, घर्रघर्र आवाज आणि रीड एरर, परत पहिल्यापासून करायचा दम नव्हता. मग हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड) लावलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सेटअपच्या फाइली त्यात कॉपी केल्या आणि तिथूनच इन्स्टॉल केलं. कार्ड २ जीबीचं, पण जुन्या बायोसला (बोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमला) ५०४ एमबीच्या पुढे दिसतच नाही. असू दे, इथे ५०४ पण डोक्यावरून पाणी आहे.

आता खरं सांगू का, विंडोजमध्ये प्रोसेसरचा फरक मला वाटला तेवढा जाणवला नाही. ८ एमबी रॅमवर ९५ कण्हत कण्हत चालत होतं, १६ केली तेव्हा कुठे माणसात आलं, आणि बूट भरभर व्हायला लागलं ते कार्डामुळे. चिपची मजा दिसते ती डॉसमध्ये (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करायची सिस्टीम), आणि एसएक्समध्ये दशांशाची गणितं करणारा मॅथ कोप्रोसेसर नव्हता तो यात आहे, त्यामुळे काही प्रोग्रॅम आत्ता कुठे पहिल्यांदाच चालले.

एक गोष्ट राहिली. कॅबिनेटवर स्पीड दाखवणारा लाल डिस्प्ले आहे, तो अजून २५ च म्हणत होता. तो काही मोजत नाही, मागच्या जंपरनी जो आकडा लावून ठेवाल तोच दाखवतो. आकडे दोनच, १०० मावणार कसे? अर्धा तास जंपर उपटून लावून ९९ केले. ३३ गुणिले ३, हिशोबाला बरोबर.