चौथ्या दिवशी गेलेले साडेनऊ हजार

२०२० च्या दिवाळीनंतर बाबांनी पहिल्या वेचाईचा कापूस विकला. पैसे खात्यात जमा झाले आणि आठवडाभरातच फोन आला की सिम बंद होणार आहे, केवायसी करा. बाबांनी त्या माणसाने सांगितलेलं ॲप घेतलं, आलेला ओटीपी वाचून दाखवला. दोन वेळा मिळून बत्तीस हजार गेले. बाबा घरात कोणाशीच बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्याच खात्यातून आणखी साडेनऊ हजार गेले, तेव्हा कुठे त्यांनी मला मोबाइल दाखवला. "मले वाटलं, तू रागावशीन," एवढंच म्हणाले.

मी तेव्हा बी.कॉम. करून आर्णीपासून आत असलेल्या आमच्या गावात सेवा केंद्र चालवत होते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे फॉर्म, हे माझं रोजचं काम. तरीही काय करायचं ते मला सुचलं नाही. आम्ही बँकेत पोहोचलो तो नववा दिवस होता. "ओटीपी तुम्हीच दिला ना?" या एका प्रश्नात बँकेने विषय संपवला. पोलिस ठाण्यात सांगितलं की सायबरचं काम जिल्ह्याला होतं. परतताना बाबा एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. तेव्हाच मी कायदा शिकायचं ठरवलं.

सायबर कायद्याची वेगळी पदवी असते, असा माझा समज होता. पण वकील म्हणून कोर्टात उभं राहायचं तर एलएलबीच लागते, सायबर हा त्यातला एक विषय. पदवी झालेली असेल तर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यासाठी राज्याची सीईटी. आमच्या भागात यवतमाळला अमोलकचंद विधि महाविद्यालय आहे, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख विधि महाविद्यालय आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. मी २०२१ ला प्रवेश घेतला. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी येऊन केंद्र उघडायचं. दुसऱ्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्या वाचलेल्या पैशांतून मी कायद्याची पुस्तकं घेतली.

सगळ्यात जड गेलं इंग्रजी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० पहिल्यांदा उघडला तेव्हा एका पानाला एक संध्याकाळ लागली. मग मी प्रत्येक कलमासमोर गावातली एक गोष्ट लिहायला लागले. कलम '६६सी'समोर 'दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे', '६६डी'समोर 'बाबांना आलेला फोन'. या दुसऱ्यात, म्हणजे संगणक वा मोबाइलच्या आधारे तोतयेगिरी करून फसवण्यात, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. असं लिहिलं की कलम विसरत नसे.

कलम ७८ वाचलं आणि ठाण्यातला तो दिवस उलगडला. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलिस निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. खेड्यातल्या बऱ्याच ठाण्यांचा कारभार सहायक निरीक्षकाकडे असतो. पण तपास दुसऱ्याने करायचा असला, तरी तक्रार नोंदवून घ्यायला या कलमाने कोणालाही अडवलेलं नाही. हे माहीत असतं तर आम्ही त्या दिवशी हात हलवत परतलो नसतो.

त्याहून लागलं ते रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मी वहीत तारखा मांडल्या. बत्तीस हजार तसेही गेलेच असते. पण बाबांनी त्याच संध्याकाळी सांगितलं असतं आणि आम्ही बँकेला कळवलं असतं, तर चौथ्या दिवशीच्या साडेनऊ हजारांचं ओझं आमच्यावर पडलं नसतं. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

शिकण्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग पुराव्याचा. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेला खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला आम्हाला शिकवला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दिला का, हे दाखवायला निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण होतं. पण ते कोणत्या उपकरणातून, कसं घेतलं हे सांगणारं प्रमाणपत्र त्यासोबत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल, तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे नव्या पुरावा कायद्याचं, कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश, म्हणजे संगणकाने काढलेला तिचा ठसा, द्यावी लागते. मी केंद्रातल्या संगणकावर एका रेकॉर्डिंगची हॅश काढून पाहिली. चौसष्ट अक्षरं-आकड्यांची ओळ आली. त्यातले शेवटचे दोन सेकंद कापून पुन्हा काढली, तर सगळी ओळच वेगळी. पुराव्याला हात लागला की तो असा कळतो.

२०२४ ला एलएलबी झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ३० जुलैला सांगितलं होतं की सनदेच्या नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही. आमच्यासारख्या घराला हा मोठाच दिलासा. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा दिली आणि इग्नूचा सायबर कायद्याचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरबसल्या केला.

आता कामाचं. नुसत्या सायबरवर तालुक्याच्या कोर्टात घर चालत नाही, हे आधीच सांगते. मी फेरफार, वारस, अपघाताचे दावे सगळंच घेते. ज्यांना नोकरी हवी त्यांच्यासाठी बँका, विमा आणि संगणक कंपन्यांत नियमपालनाची कामं आहेत. २०२२ च्या निर्देशांनुसार हॅकिंगसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे आणि सरकारने ठरवून दिलेल्या मोठ्या कंपन्यांनी माहिती संरक्षण अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. माझी एक मैत्रीण पुण्यात असंच काम करते. विज्ञान किंवा संगणकाची पदवी असलेल्यांना न्यायवैद्यक प्रयोगशाळेची वाट आहे, नागपूर-अमरावतीला त्या आहेतच. पण वकिली करायची तर मी म्हणेन, गावाकडे या. इथे काम आहे.

माझा पहिला अर्ज शेजारच्या काकूंचा होता. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाइल त्यांच्या मुलाने उघडली आणि छत्तीस हजार गेले. मुलाने पाऊण तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला फोन लावला, कारण तो नंबर माझ्या केंद्राच्या भिंतीवर रंगवलेला आहे. सत्तावीस हजार परराज्यातल्या एका बँकेत अडवले गेले. अडवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ५०३ खाली अर्ज केला, पोलिसांचं म्हणणं आलं, आदेश झाला. तरी पैसे जमा व्हायला महिना गेला. काकू रोज पासबुक घेऊन यायच्या. ज्या दिवशी ती ओळ छापून आली, त्या दिवशी त्यांनी पासबुक आधी माझ्या कपाळाला लावलं.

बाबा आता संध्याकाळी केंद्रात बसतात. गेल्या आठवड्यात रात्री नऊला एक पोरगा रडत आला. मी आतून येईपर्यंत बाबांनी त्याला खुर्चीवर बसवलं होतं, १९३० लावून फोन त्याच्या हातात दिला होता आणि विचारत होते, "किती वाजता गेले रे, बापू? घरी सांगतलं का?"