दिवस राहण्याआधी निवडावेत असे डॉक्टर

बाळंतपण कोणत्या रुग्णालयात करायचे आणि प्रसूतितज्ज्ञ कोण असावेत, याची चौकशी बहुतेक जणी मनापासून करतात. त्या मानाने फॅमिली डॉक्टरांचा विचार फारसा होत नाही. जे आहेत ते आहेतच, आणि गरोदरपणाचे काय ते तज्ज्ञ पाहतील, अशी समजूत असते. मला ही समजूत पटत नाही. प्रसूतितज्ज्ञ त्या स्त्रीला काही महिने भेटतात, तेही बहुतेकदा ठरलेल्या तपासण्यांपुरते. तिला आधीपासून कोणती औषधे चालू आहेत, तिच्या आईला मधुमेह आहे का, मागे कधी तिचा रक्तदाब वाढला होता का, दुखणे अंगावर काढण्याची तिला सवय आहे का, हे सारे ज्यांना ठाऊक असते आणि बाळ झाल्यानंतरही ज्यांच्याकडे ती वर्षानुवर्षे जाणार असते, ते फॅमिली डॉक्टर असतात. म्हणून ही निवड दिवस राहण्याच्या आधी, सवडीने आणि विचारपूर्वक करावी, असे मला ठामपणे वाटते. ती करताना मी एक गोष्ट सर्वांत वर ठेवीन: आपल्या हाताबाहेरचे काय आहे हे त्या डॉक्टरांना नेमके कळते का, आणि रुग्णाला पुढे पाठवल्यावरही ते तिची खबर ठेवतात का.

‘आधी’ या शब्दावर मी इतका भर देते त्यामागे शरीराचे साधे वेळापत्रक आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन, चाचणी करून, डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत हा काळ बहुधा उलटून गेलेला असतो. फॉलिक अ‍ॅसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू करावी असे सांगतात, ते याच कारणाने. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या 33 केंद्रांमध्ये केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांच्या आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष होता, त्यांच्यात तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण फॉलिक अ‍ॅसिडमुळे 72 टक्क्यांनी घटले होते. त्या चाचणीतील मात्रा रोज 4 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दहापट होती. कोणाला नेहमीची मात्रा पुरेल आणि कोणाला जास्त लागेल, हे स्त्रीचा पूर्वेतिहास माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. तेव्हा पहिली पारख अगदी सोपी आहे. ‘आम्ही आता मुलाचा विचार करत आहोत’ एवढेच डॉक्टरांना सांगावे आणि ते काय करतात हे पाहावे. ‘दिवस राहिले की या’ म्हणून जे बोलणे संपवतात त्यांच्यापेक्षा, त्याच भेटीत चालू औषधांची यादी काढून बसणारे, रुबेला आणि कांजिण्यांबद्दल विचारणारे, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहणारे डॉक्टर मी निवडीन. रुबेलाची लस गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते, त्यामुळे हा प्रश्न नंतर विचारून उपयोग नसतो.

औषधांच्या यादीवर थोडे अधिक लिहायला हवे, कारण फॅमिली डॉक्टरांचे खरे मोल मला तिथे दिसते. फेफऱ्यावर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबासाठीची ‘एसीई इन्हिबिटर’ गटातली औषधे, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन ही बाळाला अपाय करू शकणारी औषधे आहेत आणि ती शक्यतो गर्भधारणेच्या आधीच बदलावी लागतात. उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. दिवस राहिल्याचे कळताच घाबरून दम्याचा इनहेलर, फेफऱ्याची गोळी किंवा नैराश्यावरचे औषध स्वतःहून एकदम बंद करणाऱ्या स्त्रिया असतात, आणि त्यातून उद्भवणारा दम्याचा किंवा फेफऱ्याचा झटका आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकतो. ‘गरोदर आहात ना, मग सगळी औषधे थांबवा’ असे सरसकट सांगणारे डॉक्टर काळजी घेत असल्यासारखे वाटतात, पण मला ते धोक्याचे वाटतात. प्रत्येक औषधाचा वेगळा विचार करणारे आणि गरज पडल्यास संबंधित तज्ज्ञांना विचारून मगच सांगणारे डॉक्टर हवेत.

मला स्वतःला लग्नाआधीपासून थायरॉईडची गोळी चालू आहे. चाचणी होकारार्थी आल्याचे फोनवर सांगताच आमच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात रक्ततपासणी करायला लावली आणि मात्रा वाढवली. पहिल्या तीन महिन्यांत बाळ थायरॉईडच्या संप्रेरकासाठी जवळजवळ पूर्णपणे आईवर अवलंबून असते आणि अशी गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांची गरज या काळात वाढते, हे त्यांनी मला तेव्हा समजावून सांगितले. पुढे प्रसूतितज्ज्ञांनी लोह आणि कॅल्शियम सुरू केले. दोन्ही औषधे योग्यच होती. परंतु लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीचे शोषण कमी करतात, म्हणून त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते, ही गोष्ट सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणाऱ्या आमच्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटली नाही. दोन तज्ज्ञांच्या दोन बरोबर चिठ्ठ्यांमधून एक चूक तयार होऊ शकते, आणि ती पकडण्याची जागा फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना हीच आहे.

दुसरी पारख रक्तदाबाची. तो कसा मोजला जातो हे कोणत्याही रुग्णाला पाहता येते, त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. जिने चढून धापा टाकत आलेल्या स्त्रीला लगेच पट्टा बांधला, ती बोलत असतानाच आकडा घेतला, दंड जाड असूनही लहान पट्टा वापरला, तर येणारा आकडा विश्वासाचा नसतो. पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला आधार, पावले जमिनीवर टेकलेली आणि दंड हृदयाच्या पातळीला ठेवून मोजणारे डॉक्टर बाकीच्या गोष्टीही नीट करत असण्याची शक्यता जास्त आहे. गरोदरपणात या आकड्याला फार महत्त्व आहे. मधल्या महिन्यांत रक्तदाब स्वाभाविकपणे थोडा उतरतो, त्यामुळे जिचा मुळातच वाढलेला आहे तिचाही त्या काळात बरा दिसू शकतो. आधीचे आकडे ज्यांच्या नोंदवहीत आहेत त्यांनाच हा फरक कळतो. 20 आठवड्यांनंतर 140/90 किंवा त्याहून अधिक रक्तदाब आढळला की पूर्वाक्षेपकाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांनाही धोका निर्माण करणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सिया या विकाराची शंका घेऊन लघवीतली प्रथिने आणि रक्त तपासावे लागते. 160/110 असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. आधीच्या गरोदरपणात हा त्रास झालेल्या, किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, जुना रक्तदाब असलेल्या स्त्रियांना 12 आठवड्यांनंतर, शक्यतो 16 आठवड्यांच्या आत, कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. तो सल्ला वेळेवर मिळायचा तर हा इतिहास कोणाच्या तरी लक्षात असावा लागतो.

फॅमिली डॉक्टरांनी गरोदरपणात नेमके किती करावे, याचे उत्तर ठिकाणाप्रमाणे बदलते. काही देशांत ते प्रसूतीही करतात, काही ठिकाणी ठरावीक आठवड्यांपर्यंत तपासून मग प्रसूतितज्ज्ञांकडे सोपवतात, तर काही ठिकाणी गरोदरपणाची तपासणी पूर्णपणे तज्ज्ञांकडे असते आणि फॅमिली डॉक्टर सर्दी-ताप, जुने आजार आणि मनाची स्थिती पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये गरोदरपणात किमान आठ तपासण्यांची शिफारस केली आणि त्यांपैकी पहिली 12 आठवड्यांच्या आत व्हावी असे सुचवले. यांतल्या कोणत्या भेटी कोणाकडे, 18 ते 22 आठवड्यांमधली सविस्तर सोनोग्राफी कोण लिहून देणार, 24 ते 28 आठवड्यांमधली साखरेची तपासणी कोण पाहणार, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे. हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो खरा, पण कामाची वाटणी न ठरल्यामुळे ‘ते तिकडे झाले असेल’ असे दोन्हीकडे समजले जाते आणि तपासणी राहून जाते. रक्तगट आरएच निगेटिव्ह असलेल्या स्त्रीला साधारण 28 आठवड्यांना द्यायचे अँटी-डीचे, म्हणजे बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे, इंजेक्शन अशाच गोंधळात राहण्यासारखे आहे.

आता पुढे पाठवण्याबद्दल. ‘मीच सगळे पाहतो, तज्ज्ञांची गरज नाही’ हे वाक्य कितीही धीर देणारे वाटले तरी मी त्यावर डॉक्टर निवडणार नाही. प्रत्येक लहानसहान तक्रारीला तज्ज्ञांचे नाव लिहून मोकळे होणारे डॉक्टरही मला नको आहेत. विचारावे ते असे: कोणत्या परिस्थितीत तुम्ही मला पुढे पाठवाल? चांगल्या डॉक्टरांकडे याचे तयार उत्तर असते. जुळे, आधीचे सिझेरियन, पूर्वी अपुऱ्या दिवसांत झालेले बाळंतपण, मधुमेह, हृदयविकार अशी कारणे ते न अडखळता सांगतात. पाठवतानाही ते नुसते नाव सांगत नाहीत. आजवरचे रक्तदाबाचे आकडे, तपासण्या, चालू औषधे आणि ‘मला काय शंका वाटते’ हे लिहिलेली चिठ्ठी हातात देतात. ती चिठ्ठी वाचता येण्याजोगी असेल तर फारच उत्तम.

वेळी-अवेळी काय करायचे, हेही आधीच ठरलेले असावे. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमका येणे, बरगड्यांखाली जोरात दुखणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल कमी झाल्याचे जाणवणे, या तक्रारी सकाळपर्यंत थांबू शकत नाहीत. कोणतेही एक माणूस चोवीस तास उपलब्ध असू शकत नाही आणि तशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यांच्या रजेत कोण पाहणार, रात्री थेट कोणत्या रुग्णालयात जायचे आणि कोणत्या तक्रारीसाठी फोन करत वेळ न घालवता निघायचे, हे मात्र त्यांनी न विचारता सांगायला हवे.

डॉक्टर स्त्री असाव्यात की पुरुष, हा ज्या त्या स्त्रीच्या मोकळेपणाचा प्रश्न आहे आणि त्यात इतरांनी मत देऊ नये. शिक्षण आणि नोंदणी मात्र अवश्य पाहावी. त्याहून मी अधिक पाहते ते डॉक्टर कोणाशी बोलतात हे. सोबत नवरा, आई किंवा सासूबाई असल्या की प्रश्न त्यांना विचारायचे आणि जिच्या पोटात बाळ आहे तिने ऐकत राहायचे, हे कितीतरी दवाखान्यांत सहज घडते. प्रत्येक गरोदर स्त्रीला निदान एकदा तरी एकटीला भेटून ‘घरी सगळे ठीक आहे ना, झोप लागते ना, कोणाची भीती वाटत नाही ना’ असे विचारणारे डॉक्टर हवेत, कारण मारहाण, व्यसन किंवा आधी झालेला गर्भपात यांबद्दल ती इतरांसमोर बोलेलच असे नाही. वजनावरून किंवा वयावरून टोमणा मारणाऱ्या डॉक्टरांकडे ती पुढच्या वेळी खरे सांगणार नाही, आणि माहिती लपली की उपचार चुकतो.

बाळंतपणानंतरचा काळ या निवडीत सर्वांत कमी विचारात घेतला जातो, आणि तोच पूर्णपणे फॅमिली डॉक्टरांचा असतो. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीची साखर बाळंतपणानंतर 6 ते 12 आठवड्यांत पुन्हा तपासायला हवी आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहायला हवी, कारण तिला कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच वाढलेला असतो. पूर्वाक्षेपक होऊन गेलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो. तिच्या चाळिशीत कोणी तरी हे आठवून तिचा रक्तदाब नियमाने पाहायला हवा. मनाचेही तसेच. बाळंतिणीच्या नैराश्याची चाचपणी करण्यासाठी 1987 पासून एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे आणि ती भरायला पाच-सात मिनिटे पुरतात. बाळाच्या लसीकरणासाठी आई दवाखान्यात आली असताना तिला ‘तुम्ही कशा आहात’ असे विचारून उत्तराची वाट पाहणारे डॉक्टर मिळाले, तर त्यांच्यासाठी थोडे लांब जावे लागले तरी जावे.

निवड चुकली असे मध्येच वाटले, तर डॉक्टर बदलता येतात. त्यात कृतघ्नपणा नाही. आपल्या सर्व तपासण्यांच्या प्रती, सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगटाचा कागद आणि औषधांची यादी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या फाईलमध्ये तारखेनुसार ठेवावी, म्हणजे नव्या डॉक्टरांना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. बदल करायचाच असेल तर तो सातव्या महिन्याच्या आत करणे सोयीचे, कारण त्यानंतर भेटी जवळजवळ येऊ लागतात आणि प्रसूतीचे ठिकाण, तिथली नोंदणी आणि रात्री-अपरात्री जाण्याची व्यवस्था हे सर्व पक्के झालेले असावे लागते.