पावसाळ्यातली टाकी: वासाच्या नोंदी

मंडळी, माशांच्या तीन फुटी टाकीची ही पुढची नोंद. मासे मजेत आहेत, वॅलिसनेरिया (पाण्यातलं गवतासारखं झाड) फोफावलाय. या वेळी लिहायचंय ते वासाबद्दल.

रत्नागिरीत पावसाळ्यात भिंती, चादरी, कपाटं सगळ्यालाच कुबट वास असतो. त्यात टाकीचा वास वेगळा काढणं अवघड, शिवाय रोजच्या वासाला नाक सरावतं. म्हणून मी स्टीलच्या पेल्यात टाकीचं पाणी घेऊन पडवीत येते आणि तिथे वास घेते. फरक चटकन कळतो.

निरोगी टाकीचा वास मातकट आणि सौम्य. तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, पहिल्या पावसात मातीतून येतो तोच. वाळूतले, फिल्टरमधले काही जिवाणू तो तयार करतात. पण तोच वास उग्र झाला आणि काचेवर निळसर हिरवी, सोलून निघणारी बुळबुळीत साय दिसली, तर समजायचं की सायनोबॅक्टेरियाने (निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते जिवाणू) बस्तान मांडलंय. जिओस्मिन तेही सोडतात, तेव्हा मातकट वास आला की सगळं आलबेल, असं धरून चालू नये.

आता वाळूकडे. मागच्या कोपऱ्यात माशांनी उकरून उकरून चांगला चार इंचांचा ढीग केला होता. त्यात बांबूची काडी हळूच खुपसली, तर मोठाले बुडबुडे वर आले आणि फुटताच कुजक्या अंड्याचा भपकारा. हायड्रोजन सल्फाइड. जाड थरात ऑक्सिजन पोचत नाही, मग तिथले जिवाणू सल्फेट वापरून जगतात आणि हा वायू सोडतात. ओहोटीला खाडीच्या चिखलाला येणारा वास याचाच. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असल्याने तिथे तो जास्त जाणवतो.

अशा थरात लोखंडाचं सल्फाइड होऊन वाळू काळी पडते. आपल्याकडे पंचाईत अशी, की मांडवी किनाऱ्याची वाळू मुळातच इल्मेनाइट या काळ्या खनिजामुळे काळी. त्यामुळे काचेतून दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यावर मी विसंबत नाही. चमचाभर वाळू काढून हुंगायची आणि ताटलीत उघडी ठेवायची. सल्फाइडचा काळेपणा हवेत हळूहळू तांबूस-तपकिरी होतो, इल्मेनाइट काळंच राहतं.

हा वायू माशांना घातक आहे, म्हणून सगळी वाळू एकदम ढवळायची नाही. पाणी बदलताना तळहाताएवढाच भाग सायफनने ओढते, एअर पंप पूर्ण सोडून. पुढचा थर आता तीनेक सेंटीमीटरवर आणलाय आणि ट्रम्पेट गोगलगायी सोडल्यात; दिवसभर वाळूत बुडून त्या ती खालीवर करत असतात.

लाईट जाणं तर पावसाळ्यात ठरलेलंच. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) तासन्‌तास बंद राहिला की आतला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरायला लागतात. लाईट आली की आधी नळी बादलीत सोडून आतलं पाणी काढून टाकते. त्याचा वास घेतला की ते टाकीत का जाऊ नये हे सांगावं लागत नाही. स्पंज फिल्टर उघड्या पाण्यात असल्याने त्याला हा त्रास कमी.

अमोनियाच्या बाबतीत मात्र नाकावर अजिबात भिस्त ठेवू नका. पंचवीस अंशाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी, उडून जाणाऱ्या रूपात असतो. पीएच 8 ला पाच टक्क्यांच्या वर. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी, म्हणजे अमोनिया साठला तरी वास येणारच नाही. अमोनियापासून जिवाणू बनवतात त्या विषारी नायट्राइटला तर वासच नाही. तिथे थेंबांचं टेस्ट किटच हवं.

सध्या पेल्यातल्या पाण्याला मातकट वास आहे. मागच्या कोपऱ्यातून काडी घातल्यावर अजून एखाददुसरा बुडबुडा येतो, पण त्याला वास नाही. लाकडाखालचा भाग तेवढा राहिलाय. तिथे क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीची मुळं आहेत, म्हणून घाई करत नाहीये.