शिष्ट कुठली!

स्मरणिकेसाठी लेख पाठवा असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी तो वाचला आणि नेहमीसारखा सोडून दिला, तर खाली लगेच एकीने टाकलं, "ती नाही देणार, शिष्ट आहे ती." त्यावर सतरा जणांचे हसरे चेहरे. म्हणून हा लेख. बत्तीस वर्षं झाली दहावी होऊन, १९९३ ची बॅच आमची, तरी हा शब्द काही माझा पिच्छा सोडत नाही, तर म्हटलं त्याच्यावरच लिहावं.

मी शाळेत आले आठवीत. बाबांची बदली झाली आणि आम्ही सावंतवाडीजवळच्या गावातून थेट गिरगावातल्या चाळीत. रातराणी एसटीतून उतरून चार दिवसांत मी नवीन युनिफॉर्ममध्ये, मागच्या बाकावर. भूगोलाचा तास होता. सरांनी विचारलं लिहून का घेत नाहीस, आणि मी उभी राहून सांगितलं, "सर, माका फळ्यावरचा दिसणा नाय."

बस. वर्ग जो हसला तो पुढचा महिनाभर हसतच होता. मधल्या सुट्टीत "माका नाय, माका नाय" करत मुलं मागे यायची. गंमत अशी की त्यातल्या निम्म्यांची घरं कोकणातलीच, मे महिना लागला की सगळी एसटीच्या रांगेत, आणि घरी आज्या त्यांच्याशी मालवणीतच बोलायच्या, पण शाळेच्या गेटच्या आत शुद्ध. मला ते गेटवर बदलायचं तंत्र माहीत नव्हतं, त्यामुळे मी सोपा मार्ग काढला, बोलणंच बंद केलं. काही विचारलं की मान हलवायची, हो किंवा नाही. जूनपासून दिवाळीपर्यंत मी वर्गात किती वाक्यं बोलले असेन ते बोटांवर मोजता येईल.

आता न बोलणाऱ्या मुलीला काय म्हणतात? गावाला म्हणाले असते घुमी. इथे तिला संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी मिळायला लागले, वह्या नीटनेटक्या, आणि वर बोलत नाही, म्हणजे झालीच की शिष्ट.

पण शिक्कामोर्तब झालं ते आवळ्यावरून. माझी बेंच पार्टनर (तेव्हा वैरीण, आता घरचीच) शाळेबाहेरच्या म्हातारीकडून आवळे घेऊन आली होती. तिने पिनाफोरचं टोक एका आवळ्यावर गुंडाळलं, कचकन चिमणीच्या दाताने तोडला आणि अर्धा माझ्यासमोर धरला. चिमणीच्या दाताने तोडलं की उष्टं होत नाही हा कायदा महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांना लागू आहे, पण आमच्या आजीच्या घरात नव्हता. ती म्हणायची उष्टं ते उष्टंच, फडका मधी असो नायतर गोधडी. हे सगळं तिला समजावून सांगायचं तर पाच सहा वाक्यं लागणार, ती पण शुद्ध. मी नुसती मान हलवली. तिचा हात तसाच राहिला थोडा वेळ, कापडावर आवळ्याचा हिरवट ओला डाग, आणि मग अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "शिष्ट कुठली!"

आपल्याकडे खरं तर माणूस नीट वागत नसेल तर त्याच्यासाठी शब्दांचा तोटा नाही आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. तुसडा वेगळा, तो उत्तर देतो पण असं देतो की आपण परत विचारायच्या भानगडीत पडत नाही. तुटक बोलणारा त्यामानाने सभ्य. माणूसघाण्याला मुळात पाहुणे आले हेच आवडत नाही. फटकळ तोंडावर बोलून मोकळा होतो आणि त्याचं मन साफ असतं असं आपण म्हणतो (नेहमी असतंच असं नाही, माझा अनुभव). खवचट मात्र हसत हसत बोलतो आणि ते घरी गेल्यावर लागतं. शिष्ट ह्या सगळ्यांपेक्षा वेगळा कारण त्याने काहीच केलेलं नसतं. तो बोलत नाही, मिसळत नाही, आणि बाकीचं समोरचा ठरवतो की हा स्वतःला कोणीतरी समजतो. आणि एक बघा, हा शब्द जास्त करून मुलींनाच. मुलगा असा वागला तर तो आखडू नाहीतर भाव खातो. फार शिष्ट आहे हो म्हटलं की डोळ्यासमोर सूनच येते कुणाचीतरी.

तर ते दिवाळीनंतरचे दिवस, संस्कृतचा तास. बाई म्हणजे शाळेतलं सगळ्यात खडूस प्रकरण, विसर्ग राहिला की अर्धा मार्क गेला, रडा नाहीतर आईला आणा. धड्यात शिष्ट शब्द आला आणि बाईंनी अर्थ विचारला. माझ्या बेंच पार्टनरचा हात सगळ्यात आधी वर. "बाई, जी कोणाशी बोलत नाही ती." आणि असं म्हणून माझ्याकडे बघितलं. वर्ग फुटला. बाई कधी हसायच्या नाहीत, त्या दिवशी हसल्या, मला वाटलं आता ह्या पण.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, शास्. शिकवणं, वळण लावणं. त्याच्यापासून शास्त्र, शासन, अनुशासन, शिष्य आणि शिष्ट. म्हणजे शिष्ट म्हणजे शिकलेला, वळण असलेला. शिष्य आणि शिष्ट सख्खी भावंडं. म्हणूनच शिष्टाचार, म्हणूनच सरकारकडे जातं ते शिष्टमंडळ, आणि कृष्ण कौरवांकडे समेट करायला गेला ती शिष्टाई. ह्यातलं कोणी गप्प बसून चालेल का, बाई म्हणाल्या, शिष्टाई करायला गेला आणि बोललाच नाही! मग त्यांनी बाजूला दुसरा धातू लिहिला, शिष्, म्हणजे उरणं. शेष, अवशेष, आणि जेवून पानात उरलेलं ते उच्छिष्ट. "ह्याचं मराठीत काय झालं?" कोणालाच येईना. बाईंनीच लिहिलं, उष्टं.

मी आणि ती एकमेकींकडे बघितलं. उष्टं खाल्लं नाही म्हणून शिष्ट, आणि दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी, दिसायला जुळी पण घराणी वेगळी. तिला हसू आलं, मला पण. पहिल्यांदाच.

कोणीतरी विचारलं की बाई मग चांगल्या शब्दाचा वाईट अर्थ कसा काय झाला, तर बाई म्हणाल्या होतं असं, सम्राट अशोक शिलालेखात स्वतःला देवानांप्रिय म्हणवतो, देवांचा लाडका, आणि पुढच्या काळातल्या संस्कृत व्याकरणात देवानांप्रियचा अर्थ मूर्ख. तेव्हापासून गणितात कोणी आपटला की आम्ही त्याला देवानांप्रिय म्हणायचो. सरांना वाटायचं ही मुलं किती सुसंस्कृत.

शब्द नुसते खालीच घसरतात असं पण नाही. खडूस घ्या. शाळेत ती शिवी होती पण आमच्या वर्गातली जी मुलं आझाद मैदानावर खेळायला जायची ती पी. टी. च्या सरांबद्दल खडूस हे असं सांगायची की जणू पदवी मिळालीये. मुंबई क्रिकेटमध्ये खडूस म्हणजे विकेट फुकट न देणारा, हरायला आलेली मॅच पण न सोडणारा. १९५८-५९ पासून लागोपाठ १५ वर्षं रणजी जिंकलेली टीम आहे ती, २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून ४२ वी जिंकली, त्यांनी खडूसपणाला चिकटून राहून तो शब्द पार वर नेऊन ठेवला. शिष्टच्या नशिबी अशी टीम आली नाही.

त्या तासानंतर बाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर चहाचा कप, त्यावर बशी उपडी. म्हणाल्या, पतंजली म्हणून एक मोठा व्याकरणकार होऊन गेला, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला, त्याने महाभाष्यात शिष्ट कोण ते सांगून ठेवलंय, ज्याच्या घरात मडकंभर धान्य आहे, त्याहून जास्तीची हाव नाही, आणि काही मिळेल म्हणून नाही तर उगीचच कुठल्यातरी विद्येत पारंगत आहे तो. मडकंभर धान्य हे मला फार आवडलं, आमच्या गावच्या घरात तेवढंच असायचं. आणि त्या आवडण्याच्या भरात तोंडातून निघून गेलं, "मगे माका शिष्ट कित्याक म्हणतत?"

मी जीभ चावली. बाई हसल्या नाहीत की सुधारलं पण नाही. त्यांनी सांगितलं की त्याच पतंजलीने लिहून ठेवलंय, गौ ह्या शब्दाला लोक गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असं काय काय म्हणतात. तो त्यांना अपभ्रंश म्हणतो, पण त्याने लिहिलं म्हणून आज आपल्याला कळतं की तेव्हाची माणसं गायीला घरी काय म्हणायची. "तू पण बोल, नाहीतर आम्हाला कसं कळणार," एवढंच. मग बशी बाजूला करून चहा प्यायल्या आणि म्हणाल्या जा, तास सुरू झाला असेल.

पुढे कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा ते मूळ वाक्य वाचलं आणि कळलं की बाईंनी त्यातला एक तुकडा मला सांगितलाच नव्हता. शिष्ट म्हणजे आर्यावर्तातले ब्राह्मण अशीही अट आहे तिथे, आणि आर्यावर्ताची दक्षिणेची हद्द पारियात्र पर्वत, म्हणजे विंध्याच्या बाजूला कुठेतरी. म्हणजे सावंतवाडीही बाहेर आणि गिरगावही बाहेर! मला हसणारा अख्खा वर्ग अशिष्ट. आणि शिष्टसंमत भाषा म्हणतात ती नक्की कोणाच्या संमतीने हा प्रश्न त्या दिवशी जो डोक्यात शिरला तो अजून आहे. माझंच बघा ना, भाषा शिष्टसंमत नव्हती म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसले म्हणून शिष्ट ठरले. हे बाईंना सांगायचं राहिलं, मी एम. ए. होईपर्यंत बाई गेल्या होत्या.

बोलायला लागले हळूहळू. दहावीपर्यंत इतकी बोलायला लागले की भूगोलाच्या सरांनी एकदा बाहेर उभं केलं. पण नाव चिकटलं ते चिकटलं, आणि आता त्याचा फायदा पण होतो, लग्नकार्यात वाढप्याला नको म्हटलं की बायका म्हणतात शिष्टपणा करू नकोस घे अजून एक जिलबी, आणि मी म्हणते अहो मी आहेच शिष्ट, शाळेपासूनची.

हा लेख लिहायच्या आधी बेंच पार्टनरला फोन केला, तो आवळाच होता की कैरी ते विचारायला. फोन तिच्या मुलीने घेतला. मी काही बोलायच्या आत तिने स्क्रीनवरचं नाव वाचलं असणार, कारण रिसिव्हर न झाकता आतल्या खोलीकडे बघून ओरडली, "आई, शिष्टमावशीचा फोन आहे गं!"