नोटरी केलंय, मग परत सही कशाला?

विवाह अधिकारी म्हणून काम करताना हा प्रश्न दिवसाआड येतोच. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेलं, लाल शिक्का मारलेलं ॲफिडेव्हिट टेबलावर ठेवतात आणि वर "साहेब, झालंय सगळं". अहो पण विशेष विवाह कायदा 1954 च्या कलम 11 प्रमाणे नवरा-नवरी आणि तीन साक्षीदारांनी घोषणापत्रावर माझ्यासमोरच सही करायची असते, मग त्यावर माझी प्रतिस्वाक्षरी. नोटरीला हा अधिकार नाहीच.

त्या दिवशी असंच एक जोडपं आलं, सोबत मुलीचे मामा, दोन मित्र आणि फॉर्म भरून देणारा एजंट. मी सहीआधी घोषणापत्र मोठ्याने वाचून दाखवतो, स्टाफला कंटाळा येतो पण मी सोडत नाही. "मी सध्या अविवाहित आहे" हे वाचलं आणि मुलाने उघडलेलं पेन परत बंद केलं. म्हणाला, सर, माझा घटस्फोट झालाय.

मामा ताडकन उठले. मुलगी शांतपणे म्हणाली, "मामा, मला पहिल्यापासून माहितीये, बसा ना." मुलाने बॅगेतून डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशाची कॉपी काढली, अपिलाची मुदतही कधीच संपलेली, म्हणजे लग्नाला तसा काही अडथळा नव्हता, फक्त एजंटने सगळ्यांना टाकतो तसं ह्यालाही अविवाहित टाकलं आणि ह्याने न वाचता दिलं. खोटं घोषणापत्र दिलं तर कलम 45 खाली शिक्षा आहे, ती एजंटला नाही, सही करणाऱ्याला होते.

एजंट म्हणतो, खोडून घटस्फोटित लिहा की साहेब, दोन मिनिटांचं काम. पण लग्नाची नोटीसही अविवाहित म्हणूनच ऑफिसच्या बोर्डावर लागलेली होती! 30 दिवस ती कशासाठी लावतात, कुणाला हरकत घ्यायची तर घेता यावी म्हणून ना, मग त्यातच चुकीची माहिती असेल तर ती लावून काय उपयोग? मी नवीन नोटीस द्यायला सांगितलं. संध्याकाळी हॉटेलात जेवण ठरलेलं होतं म्हणे, वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

मामांनी मग चष्मा लावून नवीन फॉर्म स्वतः भरायला घेतला, एजंटला हात लावू दिला नाही. मुलीचा एकच प्रश्न, "सर, 30 दिवस आजपासून धरायचे ना?" म्हटलं हो, आजच लावतो बोर्डावर.