रेसेटिअर: दिसायला गोंडस, हिशेबाला पक्का

आज दिवसभर रेसेटिअर खेळून झालं आणि पुन्हा वाटलं, या गेमकडे लोकांनी फार दुर्लक्ष केलंय. जपानमध्ये 2007 ला आलेला, इंग्रजीत 2010 ला. मोठ्या डोळ्यांची दुकानदार पोरगी रेसेट बघून लहान मुलांचा खेळ समजू नका. दुकान चालवून तिच्या बापाचं कर्ज फेडायचं: 8,20,000 पिक्स (खेळातलं चलन), मुदत पाच आठवडे. हप्ते 10,000, 30,000, 80,000, 2,00,000 आणि शेवटचा थेट 5,00,000!

दिवसाचे चार भाग. दुकान उघडलं की एक जातो, लुटीचा माल आणायला गुहेत उतरलं की दोन. म्हणून गुहा सकाळी, दुकान नंतर. पाच-पाच मजल्यांवर बाहेर पडायची सोय मिळते, ती घ्या. गुहेत लढणारा आपला साहसवीर लुई बेशुद्ध पडला तर लुटीतली एकच वस्तू हाती लागते.

घासाघीस हा खरा जीव. भाव मूळ किमतीच्या 130 टक्क्यांच्या आसपास ठेवा; गिऱ्हाइकांतल्या छोट्या मुलीला मात्र तो परवडत नाही, तिचा खिसाच लहान. पहिल्याच भावाला गिऱ्हाईक सलग 'हो' म्हणत गेलं की अनुभवगुण भराभर वाढतात, त्यामुळे चार पैसे जास्तीसाठी ताणू नका.

हप्त्याच्या आदल्या दिवशी बाजारातून माल भरू नका. फळीवर माल आणि गल्ला रिकामा, इथेच बहुतेकांचं दुकान जातं.